छोट्या हॅचबॅकमध्ये टर्बो इंजिन बसवताना

नुसतं इंजिन विकत घेऊ नका. मी अख्खी डोनर गाडीच (जिच्यातून इंजिन काढून घ्यायचं ती) शोधायला सांगतो, कारण इंजिनापेक्षा वायरिंग जास्त छळतं. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (खरी किल्ली नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) आणि किल्ली एकाच गाडीतली असली की निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्टही (चाकं फिरवणारे दांडेही) तिचेच घ्या. जुन्यांना टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, झेपेलच असं नाही. परवानगी आणि विम्याचं काम आधीच उरका.

जुनं इंजिन काढण्याआधी प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा, फोटो काढा. नवं इंजिन आधी नुसतं टांगून बघा: बॉनेट बंद होतंय का, गरम टर्बो वायरी-पाइपांना टेकत नाही ना, इंटरकूलरला (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) जागा उरते का. माउंटचं (इंजिन धरून ठेवणाऱ्या आधारांचं) वेल्डिंग त्यानंतरच.

खरी काळजी ऑइल लाइनची घ्या. टर्बोतून तेल संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) परततं ते केवळ स्वतःच्या वजनाने, म्हणून रिटर्न पाइप जाड आणि सलग उताराचा हवा, मध्ये कुठेही झोळ नको. तेल तुंबलं की सीलमधून गळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग लोक चांगला टर्बो बदलत बसतात!

पहिल्यांदा चालू करताना इंजेक्टर (इंधन फवारणारे) आणि कॉइल (ठिणगी देणारे) यांचे कनेक्टर काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. ऑइल प्रेशर दिसेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा, कोरड्या बेअरिंगवर टर्बो फिरता कामा नये. मग कनेक्टर लावून इंजिन आयडलवरच (रेस न देता) ठेवा, कूलंटमधली हवा काढा, गळती तपासा. आणि ब्रेक वाढवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, हे मी हट्टाने सांगतो.