इंटरनेटवरील संदर्भ : मूळ दस्तऐवजापर्यंत कसे पोहोचावे

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना कधी सुरू झाली, हा प्रश्न इंटरनेटवर शोधला तर एका ठिकाणी १९७२ हे साल मिळते, दुसरीकडे १९७७ आणि तिसरीकडे १९७९. लघुशोधप्रबंध लिहिणारा विद्यार्थी बहुधा यांपैकी प्रथम दिसलेले साल उचलतो आणि पुढे जातो. वस्तुतः तिन्ही सालांना आधार आहे. योजना १९७२ साली शासनाने सुरू केली, तिला वैधानिक रूप देणाऱ्या अधिनियमाच्या नावात १९७७ हे साल आहे, आणि तो अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शिवाय त्याचा क्रमांक ‘सन १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २०’ असा आहे. अनेक संकेतस्थळे चाळूनही न होणारा हा उलगडा अधिनियमाचे नाव, क्रमांक आणि अंमलाची तारीख नीट वाचल्यावर होतो. इंटरनेटवरील शोधाचे उद्दिष्ट माहिती मिळवणे एवढेच न ठेवता, ती माहिती जिथून निघाली त्या दस्तऐवजापर्यंत पोहोचणे हे ठेवावे.

शोधाची सुरुवात शब्दांच्या यादीने करावी. ‘रोजगार हमी योजना’, ‘रोहयो’, ‘दुष्काळी कामे’, ‘टंचाई’, ‘अवर्षण’ हे सर्व शब्द वेगवेगळे टाकून पाहावेत आणि त्यांचे इंग्रजी पर्यायही वापरावेत, कारण या विषयावरचे बरेच महत्त्वाचे लेखन इंग्रजीत आहे. स्थळनामांच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे लागते. १९७२ च्या दुष्काळाविषयीच्या कागदपत्रांत धाराशिव सापडणार नाही, उस्मानाबाद सापडेल. अहिल्यानगरऐवजी अहमदनगर आणि छत्रपती संभाजीनगरऐवजी औरंगाबाद शोधावे लागेल. नेमका शब्दसमूह हवा असल्यास तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा, आणि गूगलच्या प्रगत शोधात जाऊन केवळ शासकीय संकेतस्थळे किंवा केवळ पीडीएफ असे बंधन घालावे. तरीही काही हाती लागले नाही, तर साहित्यच नाही असा निष्कर्ष काढू नये. अनेक जुनी मराठी कागदपत्रे पानांच्या छायाप्रतींच्या रूपात आहेत, काही युनिकोड ही सामाईक संगणकीय लिपिव्यवस्था रूढ होण्यापूर्वीच्या टंकांत (फाँटमध्ये) आहेत, आणि अशा फायलींतील मजकूर शोधयंत्राला वाचता येतोच असे नाही. त्या फायली उघडून अनुक्रमणिकेवरूनच पाहाव्या लागतात.

कुठे शोधावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे : पहिला थांबा शोधगंगा असावा. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध प्रकरणवार ठेवलेले आहेत. प्रबंधाचे निष्कर्ष पटोत वा न पटोत, त्याच्या शेवटची संदर्भसूची मात्र आवर्जून वाचावी. एखाद्याने काही वर्षे घालवून जमवलेली वाट तिथे आयती मिळते. मराठी विश्वकोश आणि जिल्हा गॅझेटिअर पार्श्वभूमीसाठी उत्तम आहेत, परंतु त्यांतील नोंद ऑनलाइन आज दिसत असली तरी मूळ खंड अनेक दशकांपूर्वीचा असू शकतो, त्यामुळे लोकसंख्या किंवा सिंचनाचे आकडे ‘सध्याचे’ म्हणून वापरू नयेत. लोकसंख्येच्या आकड्यांसाठी जनगणनेच्या तक्त्यांकडेच जावे.

मिळालेल्या मजकुराची पारख करताना लेखक कोण, लेखन कधीचे आणि आधार कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत. याखेरीज एक साधी कसोटी मला सर्वांत उपयुक्त वाटते. शंकास्पद विधानातले एक पूर्ण वाक्य उचलून अवतरणचिन्हांत शोधावे. तेच वाक्य, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह, पाच ठिकाणी आढळले तर ते पाच पुरावे होत नाहीत; एकाच मजकुराच्या त्या पाच नकला असतात. स्पर्धापरीक्षांच्या टिपणांबाबत हा अनुभव वारंवार येतो. विकिपीडियावरील लेख वाचण्यास हरकत नाही, पण तळटिपांतील दुवे उघडून पाहावेत आणि त्या मूळ लेखनाचाच आधार घ्यावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने संदर्भ सुचवला असेल, तर तो लेख खरोखर अस्तित्वात आहे का, हे नियतकालिकाच्या अंकात जाऊन तपासल्याशिवाय एकही ओळ लिहू नये. अशी साधने खरे वाटणारे पण कधीही न लिहिले गेलेले लेख सुचवतात.

संदर्भ नोंदवताना आपल्या विद्यापीठ विभागाने सांगितलेली एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी. पद्धत कोणतीही असो, लेखकाचे किंवा संस्थेचे नाव, शीर्षक, प्रकाशनाची तारीख, संकेतस्थळ, पूर्ण दुवा आणि आपण ते पान पाहिल्याची तारीख एवढे तपशील हवेतच. शासन निर्णयाच्या बाबतीत नुसता दुवा अपुरा ठरतो. विभागाचे नाव, निर्णय क्रमांक आणि दिनांक लिहावा, आणि अलीकडच्या शासन निर्णयांच्या अखेरीस ‘त्याचा संकेतांक … असा आहे’ या वाक्यात येणारा लांबलचक आकडाही उतरवून घ्यावा, कारण संकेतस्थळाची रचना बदलून दुवा तुटला तरी या खुणांवरून वाचकाला तो निर्णय शोधता येतो. संशोधनपत्रिकेतील लेखाला डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक, असल्यास तो द्यावा. वृत्तपत्रांची पाने काही काळाने नाहीशी होतात, म्हणून वाचतानाच त्यांची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करावी आणि तो दुवाही नोंदीत जोडावा.

अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेज यांनी १९७०–७३ च्या महाराष्ट्रातील दुष्काळावर केलेली मांडणी आपण दुसऱ्याच्या लेखातून वाचली असेल, तर तळटिपेत द्रेज यांचे नाव देऊन पुढे ‘… यांच्या लेखात उद्धृत’ असे लिहावे आणि आपण वाचलेल्या लेखाचा पृष्ठक्रमांक द्यावा. मूळ लेखन मिळवून वाचले, की मगच ते शब्द काढून टाकावेत.