संत्र्याला पाणी पोचतंय, पण मुळांना हवा मिळते का?

वैशाखातल्या दुपारी संत्र्याची पाने मलूल दिसली की आपला हात आधी मोटारीच्या बटणाकडे जातो. विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत घात होतो तो इथेच. पाणी जास्त झालेले झाडही असेच मलूल दिसते, कारण गुदमरलेल्या मुळीला पाणी ओढता येत नाही.

म्हणून आधी कुदळ घ्या. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रीपरशेजारी फूटभर खड्डा करा. मातीला कुजकट वास, राखाडी छटा, बारीक मुळीची साल बोटाने ओढताच निघून आतला दोरा उरतो, असे दिसले तर हवेची अडचण आहे. पांढरी, ताजी मुळी दिसली तर पुढचा खर्च वाचला.

ऑलिव्हच्या बागांना यंत्राने ऑक्सिजन (प्राणवायू) मिसळलेले पाणी देण्याची चर्चा सध्या कानावर येते. ऑलिव्ह दुष्काळ सोसते, मुळाशी तुंबलेले पाणी सोसत नाही, त्यामुळे चिकण जमिनीत ही कल्पना पटते. बिकानेरच्या रेताड जमिनीतही ऑलिव्ह लावले आहे. तिथे हवा आपोआप खेळते. म्हणजे जमीन बघूनच यंत्राचा विचार करायचा.

थोडा हिशेब करू. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मि.ग्रॅ. प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. लिटरभर हवेत मात्र तो सुमारे २७० मि.ग्रॅ. असतो. त्यामुळे दोन पाळ्यांच्या मध्ये जमीन वाफशावर येणे, म्हणजे जादा पाणी निचरून मातीत ओल आणि हवा दोन्ही असणे, हीच मुळांची खरी कमाई. भारी जमिनीत रोज तासन्‌तास ड्रीप चालवून तिथे कायम चिखल ठेवू नका. एकाच ड्रीपरवर भिस्त असेल तर झाडाच्या घेराखाली ड्रीपर वाढवा. खोडाला पाणी लागू देऊ नका, नाहीतर डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) आमंत्रण.

शेततळ्याचे पाणी असेल तर आणखी एक गोष्ट. शेवाळलेल्या तळ्यात प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, आणि आपल्याला वीज मिळते बहुधा रात्रीची! निदान फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप) तळाशी ठेवू नका. ड्रम बांधून तो पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर तरंगता ठेवा.

हे करूनही खड्ड्यातला वास जात नसेल तर खताची व्हेंच्युरी (ड्रीपच्या पाण्यात खत ओढून घेणारे साधन) वापरून बघा. खत संपल्यावर तिची नळी हवेत मोकळी ठेवली की ती हवा ओढते. मात्र ही हवा सुरुवातीच्या ड्रीपरमधूनच बरीचशी निसटते, शेवटच्या झाडांपर्यंत कमी पोचते. शेवटच्या ड्रीपरचा दाबही तपासा. हायड्रोजन पेरॉक्साइड नळीतून लांबवर जाते, पण ते कातडी आणि डोळे भाजणारे रसायन आहे. तज्ज्ञाने मात्रा ठरवून दिल्याशिवाय हात लावू नका. ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) किंवा जिवाणू खतांसोबत तर अजिबात नको, ती मरतात.

सगळ्या बागेत एकदम खर्च करू नका. एका व्हॉल्व्हखालच्या झाडांवर करून बघा, शेजारचा व्हॉल्व्ह तसाच ठेवा, आणि दीड-दोन महिन्यांनी दोन्हीकडे पुन्हा खड्डा करा. तोवर मृग येईल. त्याआधी उताराच्या दिशेने चर काढून ठेवा आणि खोडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर) लावून घ्या.