गॅलरीत बटेर ठेवताना: जोडी नको, कळप हवा

लव्हबर्ड्सच्या सवयीने बरेच जण जपानी बटेराचीही (लावा जातीचा छोटा पक्षी) नर-मादी जोडीच आणतात. इथेच गडबड होते. नर दिवसभर एकाच मादीच्या मागे लागतो, चोचीने तिची मान धरतो. काही दिवसांत तिच्या डोक्यावरची आणि पाठीवरची पिसं जातात, मग कातडी सोलवटते. म्हणून एका नरामागे चार माद्या ठेवा. दोन नर एका पिंजऱ्यात नकोतच, डोळे फोडेपर्यंत भांडतात.

नेहमीच्या तपकिरी बटेरांत वयाच्या तीन आठवड्यांनंतर छातीवरून नर-मादीची ओळख पटते. नराची छाती तांबूस, साधी असते. मादीची फिकट, काळ्या ठिपक्यांची. पांढऱ्या जातीत ही खूण चालत नाही. तिथे वयात आलेल्या नराचं गुदद्वाराजवळचं फुगीर बोंड हलकेच दाबा, पांढरा फेस येतो.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये खरं तर नुसत्या माद्याच बऱ्या. अंडी नराशिवायही मिळतात (पिल्लं मात्र नाहीत) आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याने नर ओरडून शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

पाच पक्ष्यांना तीन बाय दोन फुटांचा पिंजरा घ्या, उंची दहा ते बारा इंच. बटेर दचकला की सरळ वर उसळतो; दोन-तीन फूट उंचीत त्याला वेग मिळतो आणि डोकं फुटतं. छताला आतून मऊ कापड ताणून बांधा. जाळी अर्धा इंची वेल्डमेश (सांध्यांवर जोडलेल्या तारांची) हवी, कारण मोठ्या भोकांतून उंदीर आणि कावळ्याची चोच दोन्ही आत येतात. तळाला नुसती जाळी नको, पाय दुखावतात. फळी टाकून दोन इंच भाताचं तूस पसरा. कोपऱ्यात कोरड्या वाळूचं पसरट भांडं ठेवा, त्यात ते अंग घोळतात.

खाद्य प्रत्येकी रोज २० ते २५ ग्रॅम, प्रथिनं किमान २० टक्के. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. प्रथिनं कमी पडली, दाटी झाली किंवा उजेड फार प्रखर असला की टोचाटोची सुरू होते. रक्त दिसलेला पक्षी लगेच वेगळा काढा, कारण लाल रंग दिसला की बाकीचे तिथेच टोचत राहतात.

नवा पक्षी आधी दोन आठवडे वेगळा ठेवा. नंतरही एकटा सोडू नका; दोघी-तिघी एकदम, संध्याकाळी, भांड्यांच्या जागा बदलून सोडा.

जूनपासून वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा, पण वरची चार बोटं हवेला मोकळी ठेवा. ओलं तूस त्याच दिवशी काढा. नाकाला अमोनिया झोंबला, तर जमिनीलगत बसणाऱ्या पक्ष्याला तो त्याआधीच झोंबतोय.