चुंबकीय आणि विद्युत मापनातील खोटे संकेत: या चुका टाळा

लोखंडाचा एक नॅनोग्रॅमचा कण पूर्ण चुंबकित झाला की सुमारे ०.२ मायक्रोइमू एवढे चुंबकीय आघूर्ण (चुंबकत्वाची ताकद; इमू हे तिचे एकक) दाखवतो, आणि स्क्विड मॅग्नेटोमीटर हे अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजणारे उपकरण त्याच्या विसाव्या भागाएवढा संकेतही टिपू शकतो. क्ष-किरण विवर्तनात न सापडणारा असा कण पातळ थराच्या मापनात सामान्य तापमानाचे लोहचुंबकत्व म्हणून समोर येतो. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या थरांत, म्हणजे चुंबकीय धातू नसलेल्या पदार्थात, लोहचुंबकत्व आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले की स्वच्छ थरांत असा संकेत मिळत नाही, मात्र स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळलेल्या थरांत तो मिळतो. स्टीलचा चिमटा नमुन्यांच्या टेबलावर असूच नये, असे माझे ठाम मत आहे. प्लॅस्टिकचा किंवा टायटॅनियमचा चिमटा वापरावा, आणि थर चढवताना लावलेली सिल्व्हर पेस्ट पाठीमागून पूर्ण काढून टाकावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तीच तापवणी, तीच पेस्ट आणि तीच कापणी सोसलेला, पण थर न चढवलेला सब्स्ट्रेट, म्हणजे थराखालचा आधार, आधी मोजावा. आघूर्ण थराच्या जाडीनुसार वाढत नसेल, तर ते थराचे आहे असे मानू नये.

सब्स्ट्रेटचा प्रतिचुंबकीय उतार (क्षेत्राच्या उलट दिशेने वाढणाऱ्या क्षीण चुंबकत्वाचा) वजा करतानाही घाई नडते. ३०० केल्विनला काढलेला सरळ उतार ५ केल्विनच्या आलेखातून वजा केला, तर सब्स्ट्रेटमधील अशुद्धींचे अनुचुंबकत्व (क्षेत्राच्याच दिशेने, पण क्षेत्र असेपर्यंतच राहणारे), जे कमी तापमानाला सरळ रेषेत राहत नाही, थराच्या नावावर जमा होते.

हिस्टेरेसिसचे वलय (क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना आघूर्णाच्या वेगवेगळ्या वाटांनी बनलेले) उलट्या दिशेने फिरताना दिसले, तर नवे भौतिकशास्त्र शोधण्याआधी चुंबकाकडे पाहावे. अतिसंवाहक, म्हणजे शून्य रोधाच्या तारेचा, चुंबक ७ टेस्लापर्यंत नेऊन परत आणल्यावर पडद्यावर शून्य दिसत असले, तरी त्याच्या तारेत अडकलेल्या चुंबकीय फ्लक्समुळे नमुन्यावर काही दहा अर्स्टेडचे (अर्स्टेड हे क्षेत्राचे छोटे एकक) उलट क्षेत्र उरलेले असू शकते. पॅलेडियमचा प्रमाण नमुना त्याच क्रमाने मोजला की खरे क्षेत्र कळते. शून्य क्षेत्रात थंड करण्याच्या मापनापूर्वी क्षेत्र आंदोलित करत शून्यावर आणावे. नाहीतर कमी क्षेत्रातील आघूर्ण विनाकारण ऋण येते.

४३ केल्विनजवळ उंचवटा दिसल्यास संशय आधी गोठलेल्या ऑक्सिजनवर घ्यावा, कारण त्याचे प्रावस्थांतर, म्हणजे अंतर्गत रचनेतील बदल, नेमके तिथेच होते. सच्छिद्र पावडरीत हवा अडकून राहते, म्हणून नमुना सामान्य तापमानाला आणून कक्ष निर्वात करणे आणि हेलियम भरणे हे चक्र अनेकदा करावे आणि मापन पुन्हा घ्यावे.

रोधाच्या मापनात चार टोकांची पद्धत (प्रवाहासाठी दोन आणि व्होल्टेजसाठी वेगळी दोन टोके) वापरणे आणि विद्युत प्रवाहाची दिशा उलटवून तापमानातील फरकामुळे येणारे औष्णिक व्होल्टेज वजा करणे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापेक्षा अशुद्धीचे प्रावस्थांतर जास्त फसवते. सामान्य तापमानाला अतिसंवाहक असल्याच्या दाव्यामुळे २०२३ मध्ये गाजलेल्या एलके-९९ या पदार्थात सुमारे १०४ अंश सेल्सियसला दिसलेली रोधाची घट अतिसंवाहकतेची नव्हती, तर नमुन्यातील कॉपर सल्फाइडच्या संरचना-बदलाची होती. संपर्कांच्या तापण्याकडेही असेच दुर्लक्ष होते: १०० ओहमच्या संपर्कातून १० मिलिअँपियर सोडल्यास १० मिलिवॉट उष्णता निर्माण होते, आणि २ केल्विनला नमुन्याचे तापमान थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा बरेच वर जाते. प्रवाह निम्मा करून रोध पुन्हा मोजावा. वक्र सरकला, तर आधीचा प्रवाह जास्त होता.