मांजर आणि ससा एकाच फ्लॅटमध्ये: ओळख कशी करून द्यावी

असे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्याच फोनवर येऊन गेलेत. सोफ्यापाशी मांजर बसलंय, त्याच्या पुढ्यात ससा अगदी गप्प, आणि खाली बदामाचं चिन्ह. तो व्हिडिओ थांबवून फक्त सशाकडे बघा. पोट फरशीला टेकलेलं, कान पाठीवर घट्ट दाबलेले, डोळे बाहेर आल्यासारखे वटारलेले, कडेचं पांढरं दिसतंय. हा ससा मैत्री करत नाहीये, भीतीने जागच्या जागी थिजलाय. शिकार होणारा प्राणी ओरडून सांगत नाही. पळायला वाट दिसली नाही की तो हलायचंच बंद करतो, आणि आपल्याला वाटतं, वा, किती गुणी!

निवांत ससा वेगळा दिसतो. मागचे पाय एका बाजूला लांब सोडलेले, कान सैल, नाक सावकाश हलतंय. फारच खूश असला तर धप्पकन कुशीवर पडतो आणि नवख्या मालकाच्या काळजाचा ठोका चुकवतो. मांजरासमोर ससा असा पडायला लागला की जमलं म्हणायचं. तोवर घाई नको.

आधी जोडीचा विचार

सगळ्यात सोपी जोडी म्हणजे मोठा, घरात रुळलेला ससा आणि मांजरीचं पिल्लू. पिल्लाच्या दुप्पट-तिप्पट आकाराचा ससा त्याला पहिल्याच आठवड्यात दम देतो आणि पिल्लू आयुष्यभर तो दम लक्षात ठेवतं. सगळ्यात अवघड जोडी म्हणजे सशाचं ओंजळीत मावणारं पिल्लू आणि बाहेर फिरून उंदीर-कबुतरं मारणारा बोका. अशा बोक्याच्या घरात सशाचं पिल्लू आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. 'आमचा राजा तसा नाही' हे वाक्य प्रत्येक बोक्याच्या घरी ऐकायला मिळतं.

दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन आधी उरकून घ्या. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात ते होऊ शकतं. नेमकं कधी, ते डॉक्टर वजन बघून सांगतात. ऑपरेशन न झालेला नर ससा मांजराभोवती गोल गोल फिरतो, गुरगुरतो आणि सरळ त्याच्या अंगावर चढतो. मांजर एकदा सोडून देईल, दोनदा सोडून देईल, तिसऱ्यांदा पंजा मारेल. ऑपरेशननंतरही अंगातली रग उतरायला काही आठवडे जातात, तेवढं थांबा. सशाच्या मादीला गर्भाशयाच्या कॅन्सरचा मोठा धोका असतो, त्यामुळे तिच्यासाठी हे ऑपरेशन तसंही गरजेचं.

आणि हो, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा गावाकडच्या शेतात दिसतो तो रानससा पाळायचा नाही. त्याची जातच निराळी, आणि वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. आपण पाळतो तो मूळच्या युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज.

पहिला टप्पा: भिंतीआडची ओळख

किमान आठवडाभर, मांजर बिथरलेलं असेल तर दोन-तीन आठवडे, दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही. बेडरूम सशाची, बाकी घर मांजराचं. एका जुन्या सुती फडक्याने मांजराचे गाल पुसा आणि ते फडकं सशाच्या गवताजवळ ठेवा. दुसरं फडकं सशाच्या हनुवटीखालून फिरवून मांजराच्या ताटलीजवळ. गालांवर आणि हनुवटीखाली दोघांच्याही वासाच्या ग्रंथी असतात, म्हणून तर दोघंही सोफ्याच्या पायाला तोंड घासत हिंडतात. फडकं ठेवल्यावर खाणं नेहमीसारखं चाललं की पुढे सरकायचं. सशाने त्या कोपऱ्यातलं गवत सोडून दिलं, किंवा मागचा पाय फरशीवर दणकन आपटला, तर फडकं थोडं लांब न्या आणि आणखी काही दिवस जाऊ द्या.

याच काळात मांजराची नखं कापण्याची सवय लावा, रेबीजची आणि बाकीच्या लसी बाकी असतील तर पूर्ण करा. सशाच्या खोलीत एक खोका ठेवा. त्याला दोन दारं हवीत. एकच दार असलेल्या खोक्यात शिरलेला ससा म्हणजे दाराशी मांजर बसलं की कोंडलेला ससा.

दुसरा टप्पा: जाळीतून

पुण्यातल्या बऱ्याच फ्लॅटना जाळीचं सेफ्टी डोअर असतं, तसंच काहीतरी बेडरूमच्या दाराला लावता आलं तर उत्तम. नाहीतर सशाचं लोखंडी जाळीचं कुंपण मिळतं ते घ्या, पण त्याला वरून झाकण हवं. तीन फुटांचं कुंपण मांजराला पायरीएवढं वाटतं. जाळीतून पंजा आत जाणार नाही एवढी फट लहान असावी.

वेळ दुपारची निवडा. मांजर आणि ससा दोघंही पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असतात, आणि मांजराच्या अंगात शिकारी शिरतो तो त्याच वेळी. दुपारी जेवून सुस्तावलेलं मांजर निम्मं काम सोपं करतं. त्याआधी दहा मिनिटं दोरी-पिसाने खेळवून दमवा, मग खायला द्या, मग भेट. जाळीच्या अलीकडे मांजराचा आवडता खाऊ, पलीकडे सशाला कोथिंबिरीची काडी. पाच मिनिटं पुरे.

मांजराचं काय बघायचं? शेपटी. तिचं टोक झटके मारत असेल, अंग खाली दबलं असेल, बाहुल्या मोठ्या झाल्या असतील आणि मागचा भाग डावीकडे-उजवीकडे हलायला लागला, तर ते झेपेच्या तयारीत आहे. रागावू नका, पाणी मारू नका. मध्ये एक पुठ्ठा सरकवा, नजर तुटली की खेळण्याकडे न्या. उलट मांजर डोळे बारीक करून पाय पोटाखाली घेऊन बसलं, जांभई दिली, सशाकडे बघून पुन्हा दुसरीकडे बघितलं, तर गाडी रुळावर आहे.

तिसरा टप्पा: एका खोलीत

आधी फरशीचं बघा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर सशाचे पाय घसरतात, कारण त्याच्या तळव्यांना मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. घसरला की तो घाबरतो, घाबरला की धडपडत पळतो, आणि पळणारी वस्तू दिसली की मांजराला आवरत नाही. सतरंजी अंथरा, किंवा जुन्या दऱ्या एकमेकींना जोडून टाका. निम्मे पाठलाग इथेच टळतात.

मांजराला पट्टा चालत असेल तर छातीचा पट्टा, नाहीतर ते एकाने जवळ घेऊन बसायचं. ससा मोकळा. सशाला कधीही मांडीवर धरून मांजरासमोर न्यायचं नाही. सुटकेची वाट नाही म्हटल्यावर तो मागच्या पायांनी जी लाथ झाडतो, त्यात त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. त्याला उताणं तर कधीच करू नये. उताणा ससा शांत पडतो, पण तीही भीतीच.

सशाला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण नाकाच्या अगदी समोरचं आणि हनुवटीखालचं दिसत नाही. म्हणून मांजर समोरून थेट तोंडाशी आलं की तो दचकतो. ससा आपणहून बाजूने येऊन वास घेईल अशी मांडणी करा.

पुढची गंमत बघण्यासारखी असते. थोडा धीट झालेला ससा मांजरासमोर येऊन डोकं जमिनीला टेकवतो. सशांच्या जगात याचा अर्थ 'चल, माझं डोकं चाट'. मांजराने चाटलं तर ठीक. नाही चाटलं तर ससा नाकाने ढोसतो, आणि तरीही नाही तर हलकेच चावतो. मांजर गोंधळून कपाटावर चढतं. भित्रा भित्रा म्हणून ज्याची ख्याती, तो ससा बऱ्याच घरांत असा हुकूमशहा होतो, आणि मांजराचीच ससेहोलपट होते. म्हणून मांजराला उंचावर जागा हवीच. फ्रिजचा माथा, पुस्तकांचं कपाट, खिडकीची कड, काहीही चालेल.

सशाने मांजराला हुसकावलं तर फार मध्ये पडू नका. मांजराने सशामागे धाव घेतली तर मात्र भेट तिथेच थांबवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळीपासून सुरुवात. मांजर नखं आत ठेवून खेळात मारतं तो पंजाही सशाला महागात पडू शकतो, त्याची कातडी पातळ असते आणि चटकन फाटते.

महिनोन्महिने सुरळीत चाललं तरी रात्री आणि घरात कोणी नसताना दोघांना वेगळं ठेवा. यात मी सूट देत नाही.

रोजचं घर

मांजराची ताटली ओट्यावर किंवा टेबलावर. त्या प्रथिनांनी भरलेल्या खाण्याने सशाचं पोट बिघडतं. मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली, पाण्यात गोळा होणारी माती (लिटर) सशाने चघळली तर आतड्यात अडकू शकते, म्हणून सशाच्या ट्रेमध्ये दाबलेल्या कागदाच्या गोळ्या घाला आणि मांजराचा ट्रे सशाला चढता येणार नाही अशा ठिकाणी ठेवा. सशाचा मुख्य आहार वाळलेलं गवत. मंडईतून आणलेली कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला त्याच्यावर थोडाथोडा. कांदा आणि लसूण दोघांनाही विषारी.

पिसवांचं औषध हा सगळ्यात धोकादायक घोळ. मांजराच्या मानेवर टाकतात त्यातल्या काही औषधांत फिप्रोनिल असतं, ते सशासाठी घातक. ससा मांजराला चाटतो, त्यामुळे औषध आणताना 'घरात ससा आहे' हे डॉक्टरांना सांगायचंच. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनचं औषध तर मांजरालाही मारू शकतं.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. सशाला तिशीच्या आसपासच त्रास सुरू होतो. बाल्कनीतला पिंजरा या दिवसांत नको. तसा तो एरवीही नकोच, कारण तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर सोसायटीतला बोका रात्री ग्रिलपाशी येऊन बसतो. तो आत शिरला नाही तरी पिंजऱ्यातला ससा नुसत्या धास्तीने दगावू शकतो. दिवाळीत फटाके सुरू झाले की दोघांना दोन आतल्या खोल्यांत ठेवा. दचकलेलं मांजर आणि दचकलेला ससा एकत्र नकोत.

डॉक्टरांकडे कधी धावायचं

मांजराचा दात किंवा नख लागलं आणि रक्ताचा ठिपका दिसला, तर जखम कितीही लहान असो, त्याच दिवशी डॉक्टर. मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला जातीचे जंतू आत शिरतात आणि वरून जखम बुजते. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यात ससा जातो.

जखम नसतानाही, पाठलागानंतर सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट बघू नका. भीतीने त्याचं आतडं थांबतं. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत, म्हणून ससा घरी आणण्याआधीच दोन-तीन दवाखान्यांत फोन करून 'ससे तपासता का, रात्री कोण असतं' हे विचारून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

काही जोड्या कधीच जमत नाहीत. मग वेळ वाटून द्या: सकाळी हॉल सशाला, दुपारनंतर मांजराला, मधलं दार कडी लावून बंद. दोघंही त्यात मजेत राहतात. कडी मात्र वर लावलेली हवी, खालचं हँडल बोक्याला उघडता येतं.