वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय कोकण किनाऱ्यावर मुक्काम: तंबू आणि कॅम्पर व्हॅनसाठी

किनाऱ्यावर फुकट राहायचे म्हणजे फक्त जागेचे भाडे वाचते. नळ, प्लग पॉइंट, संडास, कचऱ्याचा डबा हे सगळे आपणच घेऊन जायचे. त्याची तयारी जमते. मुक्काम फसतो तो बहुतेक वेळा तारखेमुळे, म्हणून सामानाची यादी करण्याआधी पंचांग उघडा.

तारीख: पौर्णिमा टाळा

चांदण्यात समुद्रकिनारी झोपायचे म्हणून लोक हटकून पौर्णिमा धरतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि कोकणात ती दुपारी आणि रात्री बाराच्या सुमारास भरते, म्हणजे तुम्ही गाढ झोपेत असताना. त्यात आणखी एक मेख आहे. हिवाळ्यात रात्रीची उधाणाची भरती दुपारच्या भरतीपेक्षा जास्त चढते (पावसाळ्यात याच्या उलट). त्यामुळे दुपारी पाणी कुठवर आले ते पाहून दहा पावले वर तंबू ठोकला, तरी मध्यरात्री अंथरूण भिजू शकते.

भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणून भरती पावणेचारच्या सुमारास. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. दुसऱ्या दिवशी वेळ पाऊण ते एक तास पुढे सरकते. हा अंदाज मुंबईच्या आसपास चांगला बसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे नेमक्या वेळेसाठी त्या बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहा.

मुक्कामाला सर्वांत सोयीची अष्टमी-नवमी. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. ती संध्याकाळी सहा-सातला येते, मध्यरात्री ओहोटी असते आणि पुढची भरती उजाडताना. पाणी कुठे थांबते ते झोपायच्या आधी, अजून उजेड असतानाच बघून घेता येते. शुक्ल अष्टमी निवडली तर मध्यरात्रीपर्यंत अर्धा चंद्रही मिळतो.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा. मार्चनंतर तंबू सकाळी आठलाच तापतो आणि गावातल्या विहिरी खाली जाऊ लागतात. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर तंबू लावूच नये. निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा पाहा. दूर समुद्रात उठलेल्या लाटा इकडे वारा नसतानाही येऊन धडकतात आणि पंचांगात त्यांचा पत्ता नसतो.

जागा आणि विचारपूस

फुकट याचा अर्थ बेवारस नव्हे. वाळूच्या मागची जमीन एक तर सरकारी असते, नाही तर वन विभागाचे सुरूचे बन किंवा कुणाची तरी नारळी-पोफळीची वाडी. सुरूबनात चूल पेटवायचा विचारही करू नका. खाली साचलेला सुरूच्या काड्यांचा थर एका ठिणगीने धुमसू लागतो. गावात शिरल्यावर आधी ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांकडे जा आणि किती माणसे, किती रात्री, कुठे राहणार हे सांगा. बहुधा “राहा की, पण कचरा नको” एवढेच ऐकायला मिळते. “नको” म्हणाले तर वाद न घालता पुढच्या गावाला लागा. काही ठिकाणी वाहनाची पावती फाडतात, ती जपून ठेवा. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असू द्या. १९९३ साली श्रीवर्धनजवळ शेखाडीला स्फोटके उतरली होती. रात्री किनाऱ्यावर अनोळखी दिवा दिसला तर या पट्ट्यातले लोक चौकशी करणारच, आणि ती करायलाच हवी.

वेळासचा किनारा, तसेच केळशी-आंजर्ले परिसरातला आणि कासवांची घरटी होणारा इतर कोणताही किनारा हिवाळ्यात मुक्कामातून वगळा. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री अंडी घालायला येतात. उजेड दिसला की त्या परत फिरतात आणि पिल्ले तर दिव्याच्या दिशेने भरकटतात. वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून या घरट्यांचे काम उभे केले. तिथे कासव बघायला जा आणि मुक्काम गावातल्या घरी करा.

गोव्यात हा बेत आखू नका. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक आणि मद्यपान यांना दंड आहे; २०१९ मध्ये तो माणशी २,००० आणि गटाला १०,००० रुपये ठरला होता. वाळूवर गाडी घालायलाही बंदी आहे.

तंबूची नेमकी जागा: मर्यादवेल शोधा

वाळूवर काडीकचऱ्याच्या दोन रेघा दिसतात. खालची, ओलसर, ती आजच्या भरतीची. वरची, वाळलेली, जिच्यात शिंपले, थर्माकोलचे तुकडे आणि जुन्या जाळ्याच्या दोऱ्या अडकलेल्या असतात, ती मागच्या उधाणाची. तंबू या वरच्या रेघेच्याही मागे हवा. त्याहून खात्रीची खूण म्हणजे मर्यादवेल. बकरीच्या खुरासारखी दुभंगलेली पाने, जांभळट फुले आणि वाळूवर दूरवर पसरलेले दोर. समुद्राने एरवी ओलांडू नये ती मर्यादा दाखवणारी ही वेल, नावाप्रमाणेच. तंबू तिच्या मागे लावा, तिच्यावर नको. वाळू धरून ठेवायचे काम तीच करते.

दोन जागा दिसायला छान, पण धोक्याच्या आहेत. पहिली खाडीच्या मुखाजवळची. तिथे भरतीचे पाणी समोरून न येता मागच्या बाजूने शिरते. दुसरी नारळाखालची. झावळी पडायला वारा लागत नाही.

दिवसा वारा समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून वाहतो. रात्री मतलई वारा जमिनीकडून येतो. म्हणून तंबूची बुटकी, अरुंद बाजू वायव्येला आणि दार जमिनीच्या बाजूला ठेवा. संध्याकाळी वाळू आत येत नाही आणि रात्री हवा खेळती राहते.

वाळूत तंबू ठोकणे

तंबूसोबत येणाऱ्या वीतभर खुंट्या वाळूत टिकत नाहीत. दुपारच्या वाऱ्यात चौथी खुंटी ठोकेपर्यंत पहिली वर आलेली असते. त्याऐवजी गोण्या पुरा. चार माणसांच्या तंबूला लागतात दहा किलोच्या तांदळाच्या आठ रिकाम्या पिशव्या, तीन मिलिमीटर जाडीची २० मीटर नायलॉन दोरी आणि एक फावडे.

१. प्रत्येक पिशवी वाळूने पाऊण भरा, तोंड आवळा आणि त्यालाच दोरी बांधा.

२. तंबूच्या कोपऱ्यापासून तीन-चार फूट लांब, दीड फूट खोल खड्डा घ्या. पिशवी आडवी ठेवा. दोरी खड्ड्यातून सरळ वर न काढता तंबूच्या दिशेला वाळूत तिरकी चर पाडून बाहेर काढा. सरळ वर काढली तर ओढ लागताच पिशवी उचलली जाते.

३. वरून वाळू लोटा, बादलीभर समुद्राचे पाणी ओता आणि पायाने तुडवा. कोरडी वाळू सरकते, ओली वाळू पकडते. सगळी मजबुती या ओतलेल्या पाण्यात आहे, हे विसरू नका.

४. चारही कोपरे आणि वाऱ्याकडच्या बाजूचे दोन ताण आधी पक्के करा, मगच दांडे उभे करा. उरलेल्या दोन पिशव्या स्वयंपाकाच्या आडोशाला वापरा.

खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर बोटभरही डोकावता कामा नये. डिसेंबर-जानेवारीत कोकणात दव इतके पडते की पहाटे वरच्या कापडावरून धार लागते, आणि बाहेर आलेली ताडपत्री ते पाणी थेट अंथरुणाखाली नेते. खिडक्यांच्या जाळ्या उघड्या ठेवा. थंडी म्हणून सगळे बंद केले तर श्वासाचे पाणी आतूनच ठिबकते. दाराशी काथ्याचे पायपुसणे आणि पाय बुचकळायला अर्धी बादली पाणी ठेवा.

चपला आणि खाणे आत किंवा गाडीत. गावातली कुत्री रात्री फेरीला येतात आणि एकच चप्पल नेतात.

कॅम्पर व्हॅन: वाळूवर नको

भरतीच्या रेघेजवळची ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी कडक वाटते. तिच्यावर दोन टनांची व्हॅन तासभर उभी राहिली की चाके खचतात, आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही. दर हंगामात कुणाची तरी गाडी अशीच बोनेटपर्यंत पाण्यात जाते. पोलिसांत गुन्हा नोंदतो तो वेगळाच. व्हॅन जेटीजवळ, शाळेच्या किंवा देवळाच्या पटांगणाबाहेर किंवा जांभ्या दगडाच्या कडक जमिनीवर लावा. तोंड निघायच्या दिशेला. मच्छीमारांच्या वाटेवर किंवा होड्या ओढायच्या जागेत लावाल तर पहाटे चारला दार वाजेल.

किनाऱ्याच्या वाटेवरच्या भुसभुशीत वाळूत चाक अडकलेच तर पहिल्याच झटक्यात पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. चाक जितके फिरेल तितके ते स्वतःची कबर खणते. माणसे उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली गोणपाट किंवा फळी सारा आणि हलक्या हाताने बाहेर या. डांबरीवर आल्यावर लगेच हवा भरा. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा पंप गाडीत हवाच.

वीज

हिशेब वॅट-तासांत करा. पाच वॅटचा दिवा पाच तास: २५. चार मोबाइल: ६०. पंधरा वॅटचा पंखा आठ तास: १२०. म्हणजे एका रात्रीला सुमारे २०५. १२ व्होल्टच्या, शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात, पण निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर मरते, म्हणून हाताशी ६००. दोन रात्री आरामात, तिसरी ताणून. छोटा फ्रिज जोडला तर तो एकटाच दिवसाला ५०० च्या आसपास खातो आणि सगळे गणित कोसळते. शंभर वॅटचे सोलर पॅनल हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४०० देते, म्हणजे फ्रिजचीही पूर्ण भरपाई नाही.

त्यापेक्षा बर्फ बरा. हर्णैसारख्या बंदरावर तो सहज मिळतो. थर्माकोलच्या खोक्यात दहा किलो टाकला तर दीड दिवस निघतो. मात्र तो मासळीसाठीचा बर्फ असतो, सरबतात घालायचा नाही.

गाडी सुरू करायच्या बॅटरीवर काहीही चालवू नका. दिवे-पंख्याची बॅटरी वेगळी हवी. टोकांना पेट्रोलियम जेली चोपडा, खाऱ्या हवेने दोन दिवसांत हिरवा थर धरतो. आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे किंवा तंबूत शेगडी पेटवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो.

पाणी, चूल, संडास

माणशी दिवसाला चार लिटर प्यायला व स्वयंपाकाला, सहा लिटर धुण्याला. चार माणसे, दोन दिवस: ८० लिटर, म्हणजे २० लिटरचे चार कॅन. भांडी आधी वाळू लावून समुद्राच्या पाण्यात घासा आणि शेवटी फक्त गोड्या पाण्यात विसळा, निम्मे पाणी वाचते. विहिरीवर विचारून जा आणि तिथे साबण लावू नका.

पाच किलोचा सिलेंडर दोन दिवसांना भरपूर होतो, पण वाऱ्यात आडोसा नसेल तर गॅस दुप्पट जळतो. तीन बाजूंनी पत्रा लावा आणि सिलेंडर पत्र्याच्या बाहेर ठेवा. शेकोटी करायचीच तर गावाची हरकत नसेल तिथे, विकत घेतलेल्या लाकडांची आणि भरतीरेषेच्या खाली. विझवताना पाणी ओता. निखाऱ्यांवर वाळू ढकलली तर आच आत तासन्‌तास टिकते आणि सकाळी अनवाणी पोर नेमके त्यावर पाय देते.

संडाससाठी वाळूत खड्डा हा उपाय नाही, लाट तो उघडा करते. झाकणाची बादली, आत जाड पिशवी आणि दर वेळी दोन मुठी लाकडाचा भुसा, वास येत नाही. व्हॅनमधली टाकी आणि ही बादली (पिशवी काढून) सेप्टिक टँक असलेल्या संडासातच रिकामी करायची. गावात एखाद्या घरगुती खानावळीत जेवलात की मालकांना विचारा. थोडे पैसे घेऊन संडास-मोरी वापरू देतात, आणि खरे तर सगळ्यांत सोपा मार्ग तोच.

अडचणीला ११२. समुद्रात किंवा किनाऱ्यावर संशयास्पद काही दिसले तर सागरी पोलिसांचा १०९३. काही किनाऱ्यांवर रेंज फक्त टेकडीच्या चढावर मिळते, ती जागा दिवसाच शोधून ठेवा.

निघताना

पिशव्यांतली वाळू तिथेच ओता, रिकाम्या पिशव्या आणि दोऱ्या मोजून परत घ्या. खड्डे बुजवा, अंधारात त्यात होड्या ओढणाऱ्यांचा पाय मुरगळतो. कचरा गावच्या डब्यात न टाकता शहरात न्या. लहान ग्रामपंचायतीकडे तो उचलायला माणूस नसतो.

घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी गाडीचा तळ आणि चाकांच्या आतली बाजू गोड्या पाण्याने धुवा. तंबू पूर्ण उघडून पाणी मारा आणि सावलीत वाळवा. चेनच्या दातांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढून त्यावर मेणबत्ती फिरवा. न धुता गुंडाळलेल्या तंबूची चेन पुढच्या वेळी अर्ध्यावर अडकते, तीही वारा सुटल्यावर.