काशाच्या गवतातली आगगाडी, एका खोक्यात

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (1955) हा बंगाली चित्रपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, काश नावाच्या उंच गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावणारी दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू, आणि लांबून धूर सोडत येणारी आगगाडी डोळ्यांसमोर येतेच. हा प्रसंग मी पुठ्ठ्याच्या खोक्यात उभा केला. तीन रविवार गेले, त्यातला एक निव्वळ चुका निस्तरण्यात. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सगळं सांगतोय.

आधी सिनेमा लावा आणि थांबवत थांबवत बघा. प्रसंगात बरंच काही आहे: ऊस चघळणारी दुर्गा, तारेच्या खांबाला कान लावून ऐकलेली गुणगुण, मग गाडी. सगळं खोक्यात कोंबायला जाल तर फसाल. एकच क्षण निवडा. मी निवडला तो असा: मुलं पाठमोरी, मध्ये गवत, क्षितिजावर नुकतं शिरलेलं इंजिन. पाठमोरी का? तर इवल्याशा चेहऱ्यावर डोळे रंगवायची वेळ येत नाही. चार सेंटिमीटरच्या बाहुलीचा चेहरा बिघडला की अख्खा देखावा विनोदी होतो.

खोकं साधारण 40 सेंमी रुंद, 28 खोल आणि 22 उंच असावं. बुटांचा खोका उथळ पडतो, मिक्सरचा चालतो. समोरच्या बाजूला 22 सेंमी रुंद आणि 16 सेंमी उंच खिडकी कापा. हे माप मनाचं नाही. त्या काळच्या पडद्याची चौकट 1.37 ला 1 अशी असे, आणि 22 भागिले 16 जवळपास तेवढंच येतं. आजच्या रुंद पडद्याच्या मापाने कापलीत तर काहीतरी चुकतंय असं वाटत राहील.

आता प्रमाण. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कुणाची हरकत नसते. इथे मात्र गणित लागतं, आणि तेही मुद्दाम लबाडीचं. पुढची मुलं 1:32 या प्रमाणात करायची, म्हणजे 115 सेंमीचा अपू होतो 3.6 सेंमीचा. मागचं इंजिन 1:150 ने, म्हणजे 20 मीटरचं इंजिन साधारण 13 सेंमीचं. गवतही त्याच हिशेबाने घटत जातं. सव्वादोन मीटरचं काश पुढे 7 सेंमी, मध्ये 3-4 आणि मागे जेमतेम दीड. जमीनही मागे जाताना 3 सेंमी चढती ठेवा. मग 28 सेंमीची खोली डोळ्याला पाव मैल वाटते.

मागच्या भिंतीला कोपरे दिसू देऊ नका. जाड कार्डशीट कमानीसारखी वाकवून लावा आणि आकाश रंगवा, खाली फिकट, वर थोडं गडद. चित्रपट कृष्णधवल आहे, म्हणून अख्ख्या देखाव्याला दोनच बाटल्या पुरतात: काळा आणि पांढरा ॲक्रिलिक. बाकी सगळ्या राखाडी छटा त्यांतूनच. मोह आवरा, एक हिरवं पातं दिसलं तरी खेळ संपला. फोनच्या कॅमेऱ्यावर कृष्णधवल फिल्टर लावून अधूनमधून बघत राहा, कुठली छटा दुसरीत मिसळतेय ते लगेच कळतं.

खरं काम गवताचं. काश हा उसाचाच भाऊबंद. उसाला तुरा आलेला पाहिला असेल तर आकार वेगळा सांगायला नको. पहिल्या खेपेला मी काड्यांच्या टोकांना साध्या कापसाचे गोळे चिकटवले आणि लांबून वऱ्हाडातलं कापसाचं शेत दिसायला लागलं. सगळं उपटलं. मग जमलं ते असं: सुतळीचे तुकडे कापायचे, उकलून धागे मोकळे करायचे, राखाडी रंगवून वाळवायचे. आठ-दहा धाग्यांची जुडी, बुडखा फेविकॉलमध्ये बुडवून जमिनीत टोचलेल्या भोकात उभी. टोकाला फेविकॉलचा पुसटसा हात, त्यावर शेवरीच्या कापसाचे दोन-चार तंतू बोटांनी वर ओढून. शेवरी रेशमासारखी, जराशी फुंकर मारली तरी हलते. सगळ्या जुड्या एकाच दिशेला किंचित कलत्या हव्यात, म्हणजे वारा दिसतो.

दीडशे जुड्या करताना कंटाळा आला तर हे आठवा: 1952 च्या ऑक्टोबरात सत्यजित राय यांनी पश्चिम बंगालमधल्या पालसितजवळच्या माळावर याच प्रसंगाने चित्रीकरण सुरू केलं. आठवड्याने परत गेले तर गुरांनी सगळं काश फस्त केलेलं. पुढचा फुलोरा येईपर्यंत थांबावं लागलं. आपल्याला फार तर सुतळीचा दुसरा गुंडा आणावा लागतो.

मुलांसाठी तांब्याच्या तारेचा सांगाडा वाकवा. धावणारं शरीर पुढे झुकलेलं असतं. ताठ ठेवलंत तर प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी दिसतात. त्यावर एम-सीलचा पातळ थर, ओल्या बोटाने गुळगुळीत केलेला. दुर्गाची साडी टिश्यू पेपरची: फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून पेपर भिजवा, अंगाभोवती गुंडाळा आणि ओला असतानाच पदर मागे उडता ठेवा. अपू दोन पावलं पुढे, कारण दुर्गा वाटेत अडखळते.

इंजिन आणि डबे काळ्या कार्डशीटमधून कापलेल्या नुसत्या छायाकृती. शेवटचा डबा खिडकीच्या कडेआड लपू दे. धुरासाठी बारीक तारेवर कापूस ताणा आणि कोळशाची पूड चोळा; गाडीच्या उलट दिशेला लांबवत न्या. तारेचे खांब उदबत्तीच्या काड्यांचे, तारा शिवणाच्या दोऱ्याच्या.

उजेड एकाच बाजूने हवा. पांढऱ्या एलईडी पट्टीचा वीत-दीड वीत तुकडा खिडकीच्या वर आतून, डावीकडे सरकवून लावा. पिवळट पट्टी घेतलीत तर राखाडीचा सगळा मेळ जातो. समोर काच बसवा, नाहीतर शेवरीत धूळ बसते आणि ती कुठल्याच ब्रशने निघत नाही. खोकं टेबलावर नको, उभं राहिल्यावर नजर गवताच्या शेंड्यांना भिडेल अशा फळीवर ठेवा. वरून पाहिलं तर तो पुठ्ठा आणि सुतळी आहे. एक डोळा मिटून समोरून पाहिलं, की इंजिन लांब जातं.